जमिनीपासून वीतभर वर

अलीकडच्या काही वर्षांत सुट्टी लागली की तंबूत मुक्कामाला जाण्याची हौस आपल्या कुटुंबांतही वाढली आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव, फार तर आत्याचे घर. आता नोकरीला लागलेली मुले-मुली तीन-चार कुटुंबे गोळा करतात, एक गाडी ठरवतात आणि भंडारदरा, पवना, पानशेत, चिखलदरा असा कुठला तरी बेत आखतात. ज्यांच्या आजा-पणजांना गावकुसाबाहेर नाइलाजाने राहावे लागले, त्यांची नातवंडे आज पैसे मोजून उघड्या माळावर राहावयास जातात, हे पाहून घरातली म्हातारी माणसे हसतात. हसू द्यावे. मुलांनी चांदण्या पाहाव्यात, चुलीवरचे खावे, रात्रीचे आवाज ऐकावेत, यात वाईट काहीच नाही.

पण अशा सहलीची तयारी पाहिली की एक गोष्ट हमखास नजरेत भरते. तांदूळ किती, कांदे किती, मसाला कुणी आणायचा, याची यादी चार दिवस आधी तयार असते. रात्री झोपायचे कशावर, हा प्रश्न मात्र गाडीत बसताना निघतो आणि "टाकू की सतरंजी खाली" असे म्हणून तिथेच मिटतो. आमच्या मते सगळ्या तयारीत पहिला प्रश्न तोच असावयास हवा. कारण स्वयंपाकात मीठ कमी पडले तर शेजारच्या तंबूतून मागून आणता येते. झोपण्याची जागा चुकली तर तसे करता येत नाही.

बाजारात आता 'टेंट कॉट' नावाची वस्तू मिळते. मराठीत तिला तंबू-खाट म्हणता येईल. घडीच्या खाटेवरच बेतलेला एकट्या माणसापुरता हा तंबू होय. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले जाड कापड, आणि त्या चौकटीलाच जोडलेला वरचा तंबू. बाजूंना बारीक जाळी, जाळीला चेन, पावसासाठी वरून टाकायचे वेगळे आच्छादन. दोन माणसांनी हात लावला तर थोड्याच वेळात उभी राहते. माणूस आत शिरतो, चेन ओढून घेतो आणि जमिनीपासून सुमारे फूटभर उंचीवर, चारी बाजूंनी बंद अशा जागी झोपतो. तिच्यात उभे राहता येत नाही, नीट बसता येते एवढेच. झोपण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. पण झोपण्यासाठी तिच्यासारखी दुसरी सोय उघड्यावर मिळणे कठीण.

घडीची खाट ही काही आजची गोष्ट नव्हे. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना सापडली, तेव्हा तिच्यात तीन घड्या होणारी, बिजागऱ्या लावलेली प्रवासी खाट निघाली. ती तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी. नेपोलियन मोहिमेवर जाताना लोखंडी घडीची खाट बरोबर नेत असे, आणि १८२१ साली सेंट हेलेना बेटावर त्याचा शेवट झाला तो अशाच खाटेवर. सेनापतीला खाट आणि शिपायाला जमीन, असा तो न्याय होता. या न्यायाकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आपल्याकडे मात्र रानात उंचावर झोपण्याची सोय गरिबानेच शोधली. ज्वारी हुरड्यात आली की राखणीला जाणारा माणूस शेतात चार मेढी रोवून माळा बांधतो. विदर्भात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी मचाणावर पाठ टेकतो. घरी अंगणात बाज असते. पाखरे हाकण्यासाठी आणि लांबवर नजर ठेवण्यासाठी माळा हवा, हे खरेच. परंतु रात्री जमिनीवर काय काय फिरते हे त्या माणसाला कुणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. मण्यार हा साप आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना नावाने तरी माहीत असेल. काळसर निळा रंग, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांत मण्यारीची रीत निराळी आहे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, फुरसे अंगाचे खवले घासून खरखरते. मण्यार यांतले काही करीत नाही. दिवसा ती सुस्त असते. रात्री उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधीत फिरते. या फिरण्यात ती जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, माणूस झोपेत कूस बदलतो, आणि दंश होतो. तिचे दात इतके लहान की खूण दिसेलच असे नाही. सूज नाही, आग नाही, बहुधा दुखतही नाही. मुंगी चावली असेल असे समजून माणूस पुन्हा झोपी जातो, कित्येकदा जागाच होत नाही.

पहाटे पोटात दुखू लागते. घरचे म्हणतात, रात्रीचे मटण बाधले. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, डोळे उघडे राहत नाहीत. घोट गिळता येत नाही, बोलणे अडखळते. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकू लागतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी पोटदुखी आणि पापण्या मिटणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर दंशाची खूण शोधीत बसू नये, थेट सरकारी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती यावयास वेळ लागणार असेल तर मिळेल ते वाहन घ्यावे. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. हातपाय हलू न देता, तोंडात लाळ साठत असेल तर कुशीवर निजवून न्यावे. मण्यारीच्या दंशात रोगी पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही, आणि घरचे आशा सोडतात. वास्तविक अनेकदा त्याला सगळे ऐकू येत असते. सर्पविषावरची लस आणि श्वासासाठी यंत्राचा आधार वेळेवर मिळाला तर असा माणूस उठून चालत घरी येतो.

हे सारे सहलीच्या लेखात कशाला, असे कुणी म्हणेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने असा अंदाज दिला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मृतांमध्ये चौथा हिस्सा आणि वर पंधरा वर्षांखालील मुले होती. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशावर राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. लस, रुग्णालये, डॉक्टरांचे शिक्षण हे सगळे हवेच. पण नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळते. डासांसाठी लावलेली साधी जाळी सापालाही अडवते. खाटेची उंची आणि सगळीकडून बंद जाळी या दोन्ही गोष्टी तंबू-खाटेत एकत्र येतात, म्हणून तिच्याविषयी एवढे लिहावेसे वाटले.

आपल्यापैकी जे विनयपिटक वाचतात त्यांना यात नवे काही वाटणार नाही. चुल्लवग्गात सेनासनक्खंधक म्हणून प्रकरण आहे. सेनासन म्हणजे निजण्या-बसण्याची आणि राहण्याची सोय. भिक्खू आधी जमिनीवर निजत. अंगे आणि चीवरे धुळीने माखत, तेव्हा भगवान बुद्धांनी गवताच्या अंथरणाची अनुमती दिली. ते अंथरूण उंदीर आणि वाळवी खाऊ लागली, म्हणून ओट्याची अनुमती दिली. ओट्यावर अंग दुखू लागले, तेव्हा चिवाट्यांनी विणलेल्या खाटेची अनुमती मिळाली. पुढे काही भिक्खू उंच खाटांवर झोपू लागले, विहार पाहावयास आलेले लोक त्यांना नावे ठेवू लागले, आणि उंच खाटेला मनाई झाली. नंतरचा प्रसंग आमच्या विषयाचा आहे. ठेंगण्या खाटेवर निजलेल्या एका भिक्खूला साप चावला. तेव्हा खाटेच्या पायांखाली आधार ठेवून ती उंच करण्यास बुद्धांनी परवानगी दिली. त्याचाही काहींनी अतिरेक केला, म्हणून मर्यादा घालण्यात आली : आधार जास्तीत जास्त आठ अंगुळे उंचीचा. त्याच चुल्लवग्गात अन्यत्र डासांनी हैराण झालेल्या भिक्खूंना 'मकसकुटिके'ची अनुमती आहे. मकस म्हणजे डास. मकसकुटिका म्हणजे डासांपासून बचावाची लहानशी कुटी, आपल्या शब्दांत मच्छरदाणी.

आपले लोक त्रिपिटकाचे नाव निघाले की निर्वाण, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद अशा मोठ्या शब्दांकडे वळतात. ते योग्यच. पण घरातल्या बाईने वाचावे असे जे पुष्कळसे विनयात आहे, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आणखी एक शंका काही उपासक-उपासिका काढतात. पौर्णिमेला अष्टशील घेतले तर त्यातील आठव्या शिलाने उंच आणि विलासी शय्येचा त्याग सांगितला आहे. मग त्या दिवशी सहलीत खाटेवर झोपावे काय? वर सांगितलेला प्रसंगच याचे उत्तर आहे. त्याग ऐषआरामाचा सांगितला आहे, साप अंगावर घेण्याचा नव्हे. नळ्यांच्या चौकटीवर ताणलेल्या कापडाला विलासी शय्या म्हणावे, असे तिच्यावर एक रात्र काढलेला माणूस तरी म्हणणार नाही.

भंडारदऱ्याला मेअखेरीस काजवे पाहण्यासाठी गर्दी होते. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाच्या जलाशयाभोवती तेव्हा ठिकठिकाणी तंबू लागतात. आम्ही तिथे मुक्काम केला त्या वेळी आमच्यात सत्तरीच्या एक आत्या होत्या. त्यांच्या सुनेने कुणाकडून तरी मागून एक तंबू-खाट आणली होती. बाकी सगळे मोठ्या तंबूत खाली सतरंज्या टाकून. आत्यांनी आधी पुष्कळ आढेवेढे घेतले. "मी काय आजारी आहे का गं, मला एकटीला पिंजऱ्यात घालतेस?" असे म्हणाल्या. सुनेने ऐकले नाही. रात्री एकच्या सुमारास वळवाची सर आली. पाऊस अर्धाच तास पडला, पण उतारावरचे पाणी आमच्या तंबूखालून असे काही वाहिले की सतरंज्या, उशा, मुलांचे कपडे सगळे भिजले, आणि दहा माणसे उरलेली रात्र गाडीत बसून राहिली. आत्यांच्या खाटेखालूनही पाणी गेले. त्या सकाळी उठल्या आणि विचारू लागल्या, पाऊस पडला का? सकाळी सतरंज्या झाडताना शेजारच्या मंडळींच्या अंथरुणाखाली विंचू निघाला. कोरडी जागा शोधत आला असावा.

विंचवाचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी लहान मुले हमखास दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले, प्राझोसिन हे औषध वेळेवर दिले तर रोगी वाचतो हे दाखवून दिले, आणि मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चवदार तळ्यामुळे महाड आपल्याला ठाऊक आहेच. हे दुसरे कारणही ठाऊक असावे. लहान मुलाला विंचू चावला, त्याला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर कांदा-चुना लावीत बसू नये, डॉक्टरकडे न्यावे.

आता खाटेविषयी. तिच्यात गुण आहेत तसे दोषही आहेत, आणि विकणारा ते सांगत नाही. पहिला दोष वजनाचा. लोखंडी चौकटीची खाट दहा किलोच्या पुढेच जाते. गाडी जिथवर जाते तिथवरच तिचा उपयोग. पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढणाऱ्याने तिचे नाव काढू नये. दुसरा दोष थंडीचा, आणि तो फार जणांना आधी कळत नाही. जमिनीवर झोपले की ऊब जमीन ओढून घेते, हे खरे. पण खाटेवर झोपले की पाठीखालून वारा खेळतो आणि तोही ऊब नेतो. उन्हाळ्यात हीच गोष्ट सुखाची असते. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याला किंवा कळसूबाईच्या पायथ्याला हीच पाठ मध्यरात्री गारठते. माणूस म्हणतो, स्लीपिंग बॅग एवढी महाग घेतली तरी थंडी कशी वाजते? अंगाच्या भाराने बॅगेचा खालचा भाग दबतो, तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरणारी असते ती हवाच. म्हणून पांघरूण वाढवून उपयोग नाही, अंथरूण वाढवावे. फोमची चटई चांगली, पण आपल्या घरातली जाड वाकळ त्याहून कमी नाही. जुन्या लुगड्यांचे थर घालून आजीने शिवलेली वाकळ चौघडी करून खाली घातली की वारा अडतो आणि मधली नळी पाठीला टोचत नाही, दोन्ही कामे होतात. खालून वर्तमानपत्रे पसरली तरी फरक पडतो. (वाचून झालेला आमचा अंक त्या कामी आला तर आमची तक्रार नाही.)

खाट लावण्याची जागा दिवसाउजेडी निवडावी. सपाट जमीन हवी. एक पाय खड्ड्यात असला तर चौकट पिळवटते आणि शिवण उसवते. माती मऊ असेल तर पायांखाली फळीचे तुकडे किंवा सपाट दगड द्यावेत. दगडांचे ढीग, लाकडाच्या मोळ्या, गवताच्या गंजी, उंदरांची बिळे यांच्यापासून दूर राहावे. वाळलेल्या फांदीखाली आणि ओढ्याच्या पात्रात तर कधीच नको. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी केव्हा सोडतील याचा भरवसा नसतो. खाटेवर चढताना काठावर बसू नये, ती कलंडते. आधी मधोमध टेकावे, मग पाय वर घ्यावेत. किती किलो वजन पेलते हे तिच्यावर लिहिलेले असते. मुलांना तिच्यावर उड्या मारू देऊ नयेत.

झोपताना चादरीचा किंवा ओढणीचा पदर बाहेर जमिनीवर लोंबत ठेवू नये. फूटभर उंची मिळवायची आणि तिला कापडाची शिडी लावून द्यायची, हा शहाणपणा नव्हे. साप चढूच शकत नाही अशी उंची ही नाही. जाळी बंद असेल तरच तिचा उपयोग. म्हणून चेन शेवटपर्यंत ओढावी, आणि रात्री बाहेर जाऊन आल्यावरही ओढावी. चपला बाहेर ठेवल्या असतील तर सकाळी झटकून मगच पायात घालाव्यात. बॅटरी उशाशी हवी. काजवे पाहताना उजेड करू नये असे सांगतात, ते बरोबर आहे. पण शौचाला जाताना पायाखाली उजेड पाडूनच जावे. घरच्या बायका अंधारात जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतात. तेव्हा मुक्कामाची जागा ठरवतानाच शौचालय किती लांब आहे, वाटेत दिवा आहे काय, हे विचारून घ्यावे.

जाळी बंद म्हणून आत डासांची उदबत्ती लावणारेही आम्ही पाहिले आहेत. तंबूचे कापड बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते. ठिणगी पडली की ते वितळत पेटते आणि आतल्या माणसाला चेन शोधायला वेळ मिळत नाही. उदबत्ती, मेणबत्ती, विडी यांतले काहीही आत नको. त्याहून वाईट म्हणजे थंडीसाठी विझत आलेली शेगडी तंबूत घेणे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखेही वाटत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर, काहीही आत नेऊ नये. वरचे झरोके थोडे उघडे ठेवावेत, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात. वीज कडाडू लागली तर खाटेत पडून राहू नये. तंबूपासून विजेचे कसलेही संरक्षण मिळत नाही. पक्की इमारत किंवा काचा लावलेली मोटार गाठावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप मोबाईलवर घेतले तर आसपासच्या विजांची सूचना मिळते.

तान्ह्या बाळाला तंबू-खाटेत एकटे निजवू नये. ताणलेल्या कापडाला मध्ये झोळ येतो आणि त्यात बाळाचे नाक-तोंड दबू शकते. गुडघे धरलेल्या बायकांना जमिनीवरून उठण्यापेक्षा फूटभर उंचीवरून उठणे सोपे जाते, मात्र चेनच्या दारातून वाकून बाहेर यावे लागते. एकदा उजेडात सराव करून घ्यावा. दोघांसाठीच्या खाटाही मिळतात. त्यांच्यावर एकाने कूस बदलली की दुसरा जागा होतो, एवढे सांगून ठेवतो.

आणि आता सेनापतीचा न्याय. घरात एकच तंबू-खाट असली की ती बहुधा खर्च करणाऱ्याच्या, म्हणजे कर्त्या पुरुषाच्या वाट्याला जाते, आणि स्वयंपाक करून दमलेली बाई पोरांना घेऊन सतरंजीवर. हे उलट व्हावयास हवे. आधी म्हातारे माणूस, आधी गरोदर बाई. धडधाकट गड्याने शेवटी. बाकीच्यांसाठी खालून शिवलेला, चेन बंद होणारा तंबू तरी असावा. नुसती कनात आणि सतरंजी नको. दुसरी गोष्ट तंबू लावून देणाऱ्या पोरांची. ती बहुतेक त्याच भागातली, महादेव कोळी-ठाकर घरांतली असतात. पाहुण्यांना गाद्या देऊन ती पोरे स्वतः चुलीशेजारी पोते टाकून झोपतात. पैसे देताना, या मुलांना झोपायला खाट आणि मच्छरदाणी आहे काय, असे मालकाला एकदा विचारावे. गिऱ्हाईक विचारते म्हटल्यावर मालकालाही सोय करावी लागेल.

तंबूत राहणारे सगळेच काही हौशी नसतात, हेही आपल्याला नव्याने सांगावयास नको. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. आपल्या नात्यातलीही असतात. उसाच्या फडात उंदीर, उंदरांमागे साप, आणि कोपीत निजणे जमिनीवर. वीटभट्टीवरही तेच. त्यांना कुणी तंबू-खाट घेऊन देणार नाही आणि ती त्यांना परवडणारही नाही. तिची किंमत काही हजारांच्या घरात जाते. पण त्याच गुणाची वस्तू कमी पैशांत होते. घडीचा लोखंडी पलंग, नाहीतर गावाकडची बाज. चारी पायांना उभ्या बांबूच्या काठ्या सुतळीने घट्ट बांधायच्या, वर चार आडव्या काठ्यांची चौकट करायची आणि तिच्यावर मच्छरदाणी टाकायची. जाळी जमिनीपर्यंत सोडायची नाही. गादी किंवा वाकळ उचलून तिच्याखाली चारी बाजूंनी खोचायची. पलंग भिंतीला किंवा कुडाला टेकवायचा नाही, हातभर सोडून ठेवायचा. मुंग्यांचा त्रास असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या, हे आपल्या आया करीतच आल्या आहेत. जे कुणी पुढच्या तोडीला जाणार असतील त्यांच्या बिऱ्हाडात भांड्यांबरोबर निदान लेकरांपुरती एक मच्छरदाणी जाईल, एवढे त्यांच्या घरच्यांनी पाहावे.

विकत घेणाऱ्यांनी खाट दुकानातच उलगडून पाहावी, स्वतः आत झोपून पाहावी. उंच माणसाचे पाय जाळीला लागत असतील तर डास जाळीतूनही चावतो. चेन दोन्ही बाजूंनी, आतून-बाहेरून सरकते काय ते तपासावे; शिवणींवर उजेड धरून भोके पाहावीत. चार कुटुंबे मिळून एक खाट घेतली तरी वर्षभर फिरती राहू शकते. सहलीहून आल्यावर ती ओली घडी करून माळ्यावर टाकू नये. दोन उन्हे द्यावीत, कापड पुसून घ्यावे, नळ्यांच्या सांध्यांना तेलाचा थेंब सोडावा आणि पिशवीत गोधडीच्या तुकड्याची एक घडी ठेवून द्यावी, म्हणजे जाळी फाटली तरी तात्पुरते ठिगळ तयार असते.